बाळाचा पहिला खेळ

घरांत पाळणा बांधला गेला कीं खेळणीं येऊं लागतात. बारशाच्या दिवशीं आत्या, मामी, मावशी, बापाच्या कचेरींतील मित्र, शेजारची मंडळी असे सारे जण कांहीं ना कांहीं घेऊन येतात, आणि सायंकाळीं पाहुणे गेल्यावर पाहावें तों कोपऱ्यांत विजेरीवर गाणारीं अस्वलें, दिवे लुकलुकणारे ढोल आणि इंग्रजी मुळाक्षरें म्हणून दाखविणारीं पुस्तकें ह्यांचा ढीग पडलेला असतो. पाळण्यांतल्या बाळाला ह्यांपैकीं कशाचीहि गरज नसते. बारा दिवसांच्या बाळाची नजर वीतभर ते फूटभर अंतरावर काय ती ठरते. त्यापलीकडचें सारें त्याला धूसर दिसतें. मांडीवर घेतलेल्या बाळापासून घेणाऱ्या माणसाचें तोंड नेमकें तेवढ्याच अंतरावर असतें. बाळाचें पहिलें खेळणें म्हणजे तें तोंड होय, आणि तें कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

आमचें म्हणणें असें आहे कीं, पहिल्या दोन वर्षांत बाळाची निगा एका बाजूला आणि बाळाचा खेळ दुसऱ्या बाजूला अशी वांटणी करतांच येत नाहीं. न्हाऊ घालणें, भरविणें, दुपटें बदलणें, निजविणें ह्यांतच तान्ह्या बाळाचा दिवस जातो. त्याचा खेळ व्हावयाचा तो ह्याच वेळांत व्हावयाचा. ह्या वेळा घाईनें उरकून टाकाव्या आणि मग "चला, आतां बाळाला खेळवूं" म्हणून खेळणें हातीं घ्यावें, अशी रीत सुशिक्षित घरांतून पडत चालली आहे. ती आम्हांला पसंत नाहीं, आणि ती पडण्याचें कारण आमच्या राहणींतच कसें आहे तें आधीं सांगतों.

आमचें मुलुंड हें मुंबईचें ठाण्याच्या वेशीवरचें उपनगर. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली ती ह्याच वाटेनें. पुढें १९२२ सालीं क्राउन आणि कार्टर ह्या वास्तुशिल्पज्ञांनीं स्टेशनापासून पांच रस्त्यापर्यंतची वस्ती आंखून दिली आणि काटकोनांत छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचें हें गांव वाढीस लागलें. जुन्या बैठ्या घरांतून ओसरी असे, न्हाणीघरांत तांब्याचा बंब पेटे, आणि रांगणाऱ्या मुलाला अंगणापर्यंत मुभा असे. आतां त्या घरांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत व राहत आहेत. दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंड इतकीं माणसें असतात. एकत्र कुटुंब मोडलें म्हणून जे हळहळतात त्यांनीं सकाळीं आठ वाजतां मुलुंडच्या एखाद्या जिन्यांत उभें राहावें. कुटुंब एकत्रच आहे. फक्त दिवसभर घरीं असणारीं माणसें साठीच्या पुढचीं आणि दोन वर्षांच्या आंतलीं एवढींच उरलीं आहेत.

कारण बाळाची आई नोकरीस जाते. २०१७ सालच्या कायद्याच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांच्या वेळीं बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, ही मोठीच सोय झाली. परंतु सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. सहाव्या महिन्याच्या अखेरीस बाळाचें उष्टावण होतें, तें बसूं लागतें, आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांत तें परक्या माणसाला पाहून ओठ काढूं लागतें. म्हणजे आई ही इतरांहून वेगळी, ती दृष्टीआड झाली तरी कोठें तरी असते, हें ज्या सुमारास त्याला उमगूं लागतें, त्याच सुमारास ती रोज सकाळीं दारांतून बाहेर पडूं लागते. फोर्टांत कचेरी असेल तर गाडीचा प्रवासच एका दिशेचा तासाभराचा. संध्याकाळीं साडेसातला ती परत येते तेव्हां बाळ पेंगुळलेलें असतें.

मधले दहा-अकरा तास आजीचे. साठी उलटलेल्या आजीला न्हाऊ घालणें, भरविणें, धुणें-वाळविणें हें सारें करावयाचें म्हणजे तिची दमछाक होते, आणि मग तीं कामें उरकण्याकडे मन ओढूं लागतें. भरवितांना मोबाईलवर चित्रें लावून दिलीं कीं वाटी पांच मिनिटांत रिकामी होते. आजीला दोष देण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तिच्या हाताला सोबत काय द्यावी आणि तिच्या जुन्या रीतींतून काय ठेवावें, काय सोडावें, एवढेंच आम्हांला पाहावयाचें आहे.

न्हाऊ घालण्यापासून आरंभ करूं, कारण आपल्याकडील बालसंगोपनांतली ही सर्वांत श्रीमंत गोष्ट आहे. आजहि पुष्कळ घरीं पहिले तीन-चार महिने न्हाऊ घालणारी बाई येते. लांब पसरलेल्या पायांवर बाळाला उताणें, मग पालथें घेऊन ती तेल चोळते, हातांच्या घड्या घालते, गुडघे पोटाशीं नेऊन सोडते, आणि हें सारें करतांना तिचें तोंड एक क्षण थांबत नाहीं. बाळाला ती रागें भरते, त्याच्या बापाची नक्कल करते, 'काय हो, झोंप झाली का रात्रीं?' म्हणून विचारते. ज्यांना ही वटवट वाटते त्यांनीं ती मध्येंच थांबली म्हणजे बाळ काय करतें तें पाहावें. दोन महिन्यांचें बाळ पाय झाडतें, तोंडाचा चंबू करतें आणि 'अंगूं' म्हणून तिला पुढें बोलावयास लावतें. संभाषणाचा पहिला धडा तो हाच. अमेरिकेंत १९८० सालीं डिकॅस्पर व फायफर ह्या मानसशास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दाखवून दिलें कीं, तीन दिवसहि न झालेलें अर्भक आपल्या आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजाहून वेगळा ओळखतें, आणि तो ऐकूं यावा म्हणून चोखण्याची आपली लयसुद्धां बदलतें. अशा श्रोत्यापुढें मुक्यानें तेल चोळणें म्हणजे केवढा अपव्यय!

तेव्हां तेल ठेवावें, चोळणें ठेवावें आणि बोलणें तर अवश्य ठेवावें. तेल साधें खोबरेल पुरे. मोहरीचें तेल कोंवळ्या कातडीला झोंबतें. पाणी हाताच्या कोपरानें पाहावें, बोटांनीं पाहूं नये. राबलेल्या बोटांना कढत पाणीहि कोमट वाटतें. परंतु ह्याच न्हाणीघरांत कांहीं गोष्टी अशा चालत आल्या आहेत कीं त्या आजच थांबवाव्या. कानांत व नाकांत तेलाचे थेंब सोडण्याची चाल अशीच. नाकांतलें तेल फुप्फुसांत उतरलें तर औषधालाहि न जुमानणारा दाह होतो. नवजात बाळाच्या छातीला कधीं कधीं थोडी सूज दिसते. ती आईच्या रक्तांतील द्रव्यांमुळें आलेली असते आणि आपोआप ओसरते. ती पिळून दूध काढण्याचा प्रकार आम्ही ऐकला आहे, आणि त्यानें गळूं झाल्याचेंहि ऐकलें आहे. लव जावी म्हणून डाळीचें पीठ रगडणें, नाक सरळ व्हावें म्हणून चिमटणें, डोकें गोल व्हावें म्हणून दाबणें ह्यांनीं कोणाचेंहि रूप पालटत नाहीं, बाळ मात्र रडरडून निळें पडतें. न्हाऊन झाल्यावर ओवा-शेपांची धुरी देतात. तिचा वास आम्हांलाहि आवडतो, बाळंतिणीच्या खोलीची ती ओळखच होती. पण धूर तो धूरच, आणि महिन्याच्या बाळाच्या फुप्फुसांना तो सोसत नाहीं. काजळाची गोष्ट तशीच. बाजारांतल्या काजळांत व सुरम्यांत शिसें सांपडतें, आणि घरीं धरलेलें काजळ झालें तरी बोटानें डोळ्यांत घालतांना जंतु जातात. दृष्टीचीच भीति असेल तर तळपायाला लहानशी तीट लावावी, म्हणजे आजीचेंहि समाधान होतें. सहाणेवर उगाळलेली घुटी, मधाचें बोट, ग्राइपवॉटर ह्यांपैकीं पहिल्या सहा महिन्यांत कांहींहि देऊं नये. त्या काळांत आईच्या दुधावेगळें बाळाला पाण्याचीहि गरज नसते. मध तर पुरतें वर्ष होईपर्यंत वर्ज्य समजावा, कारण त्यांत क्वचित् असे जंतु असतात कीं, ज्यांच्या विषानें तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडतात.

येथें घराघरांतून एक ठराविक संवाद झडतो. "आमच्या वेळीं नव्हतीं हो असलीं थेरं, आमचीं पोरं वाढलींच ना?" असें सासूबाई म्हणतात, आणि "पण आई, डॉक्टर नको म्हणालेत," असें सूनबाई. ह्यांत डॉक्टरांना पंच करण्यापेक्षां आजीला डॉक्टरांकडे बरोबर न्यावें, असा आमचा सल्ला आहे. टोंचायला जातांना बाळ आजीच्या मांडीवर असूं द्यावें आणि तिचे प्रश्न तिनेंच विचारावे. सुनेच्या तोंडून आलेला निरोप आणि डॉक्टरांच्या तोंडून आलेलें उत्तर ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर असतें. टोंचलेली मांडी त्या दिवशीं चोळूं नये हेंहि मग निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां दुपटें बदलण्याविषयीं. ह्या कामाला कोणी खेळ म्हणत नाहीं, पण दिवसांतून आठ-दहा वेळां बाळ आणि मोठें माणूस समोरासमोर येतें तें ह्याच निमित्तानें. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ सालीं, बुडापेस्ट शहरांत एमी पिक्लर ह्या महिला डॉक्टरांनीं निराधार अर्भकांसाठीं एक आश्रम चालविण्यास घेतला. आश्रमांतलीं मुलें पोटभर अन्न मिळूनहि झुरतात, त्यांची वाढ मंदावते, असा त्या काळचा अनुभव होता. पिक्लरबाईंनीं आपल्या दायांना एकच गोष्ट कसोशीनें शिकविली. बाळाला न्हाऊ-माखूं घालतांना, कपडे बदलतांना, भरवितांना हात सावकाश चालवावे. काय करणार आहों तें बाळाला आधीं सांगावें, आणि मग क्षणभर थांबावें. 'आतां हा हात बाहीत घालूं' असें म्हणून थांबलें म्हणजे कांहीं महिन्यांनीं बाळ स्वतःच हात पुढें करतें. ह्या वेळां सोडून उरलेल्या वेळीं मुलें फरशीवर आपल्या मनानें खेळत, आणि दाया त्यांत लुडबुड करीत नसत. त्या आश्रमांतलीं मुलें धडधाकट निघालीं.

आपल्या झबल्या-लंगोटाला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. ज्या घरीं आजी "पाय वर, पाय वर" म्हणून थांबते, तेथें पांच-सहा महिन्यांचें बाळ खरोखरच पाय उचलूं लागतें, आणि उचलल्यावर आपण मोठा पराक्रम केला अशा मुद्रेनें तिच्याकडे पाहतें. ह्याला अर्धें मिनिट अधिक लागतें. दुकानांतल्या कोणत्याहि खेळण्यानें बाळाच्या तोंडावर ती मुद्रा आलेली आम्हीं पाहिली नाहीं.

बोटांचे खेळहि असेच कामांतून निघालेले आहेत. तळहातावर मोराला बोलाविण्याचा, हातावरून मुंगी चालत नेऊन कांखेंत गुदगुल्या करण्याचा, पदराआड तोंड लपवून 'कुक' करण्याचा खेळ ज्या आजीला येत नाहीं अशी मराठी आजी विरळा. जर्मनींतील फ्रोबेल ह्या थोर शिक्षणशास्त्रज्ञानें १८४४ सालीं आयांसाठीं गाण्यांचें व बोटांच्या खेळांचें एक सचित्र पुस्तकच काढलें. खेड्यांतल्या साध्या आया हे खेळ सहज करतात, आणि त्यांत शिक्षणाचें बीज आहे, असें त्याचें मत होतें. हे खेळ लहान वाटतात, पण त्यांत एक युक्ति असते. मुंगी कांखेंत पोंचण्याआधीं ती मध्येंच थांबते. त्या थांबण्यांत बाळ श्वास रोखून पुढचें काय तें ओळखतें, आणि मग खदखदून हंसतें. 'कुक'च्या खेळांत तोंड दिसेनासें होतें आणि पुन्हां दिसतें. सकाळीं कचेरीस गेलेली आई सायंकाळीं परत येते ह्या मोठ्या गोष्टीची तालीम त्या पदराआड चाललेली असते. म्हणूनच आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला ह्या खेळाचा कंटाळा म्हणून येत नाहीं.

अशा साध्या खेळण्या-बोलण्यानें पुढें कांहीं फरक पडतो का, असें विचारणाऱ्या सुशिक्षित वाचकांसाठीं जमैका बेटांतली हकीकत सांगतों. तेथें किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ च्या सुमारास सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर ह्या विदुषींनीं नऊ ते चोवीस महिन्यांच्या, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर एक प्रयोग केला. त्यांतील कांहीं मुलांच्या घरीं आरोग्यसेविका आठवड्यांतून एकदां तासभर जात आणि टाकाऊ वस्तूंपासून केलेलीं खेळणीं घेऊन मुलाशीं कसें खेळावें, कसें बोलावें तें आईला दाखवीत. हें दोन वर्षें चाललें. वीस वर्षांनीं पाहिलें तेव्हां त्या मुलांची कमाई तशा भेटी न मिळालेल्या मुलांहून सुमारें पाव हिश्शानें अधिक होती; २०१४ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खेळणीं कशाचीं होतीं? प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे, चिंध्या. सुस्थितींतल्या घरांना हाच आंकडा लागू पडेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण बाटली आणि आई एवढ्या भांडवलावर हें झालें, हें विसरूं नये.

भरविण्याकडे वळूं, कारण सध्यां खरी लढाई तेथेंच आहे. आई कामावर गेली तरी तिचें दूध बंद करण्याचें कारण नाहीं. तें पिळून स्वच्छ झांकणाच्या भांड्यांत शीतकपाटांत ठेवलें तर दिवसभर उत्तम राहतें. बाहेर मात्र चार तासांहून अधिक ठेवूं नये, आणि वैशाखांत त्याहूनहि कमी. आपल्याच मार्गावरील शीव येथील महापालिकेच्या रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनीं १९८९ सालीं आशियांतली पहिली मातृदुग्धपेढी काढली, आणि एका आईचें दूध दुसरीच्या अशक्त बाळाला वांचवूं शकतें हें दाखवून दिलें. मग स्वतःच्याच बाळासाठीं वाटीभर दूध मागें ठेवून जाण्यांत संकोच कसला? बाटलीऐवजीं वाटी-चमचा किंवा आपलें जुनें बोंडलें वापरावें. तें उकळायला सोपें.

उष्टावणानंतर मऊ वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेलें केळें, शिजवून कालवलेली भाजी, तूप. मीठ आणि साखर वर्षभर नसली तरी चालते. चव आपल्याला लागते, बाळाला नाहीं. खरा प्रश्न काय भरवावें हा नसून कसें भरवावें हा आहे. मोबाईलसमोर बसलेलें मूल तोंड उघडतें खरें, पण तें काय खातें आहे, किती खातें आहे, पोट भरलें कीं नाहीं, ह्याचा त्याला पत्ताच नसतो. घांस देणाऱ्याकडेहि तें पाहत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, एक वर्षाच्या आंतील मुलांना पडद्यासमोर बसवूंच नये, दुसऱ्या वर्षांतहि बसवूं नये, आणि दोन वर्षांनंतर दिवसाकाठीं तासाहून अधिक नको, कमी असेल तितकें बरें. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेंहि दोन वर्षांच्या आंत पडदा नको असेंच सांगितलें आहे. दूरच्या आत्या-मामाशीं समोरासमोर बोलणें तेवढें अधूनमधून चालावें, असा अपवाद त्यांनीं ठेवला आहे, आणि तो अमेरिकेंत मुलें असलेल्या आमच्या मुलुंडच्या आजी-आजोबांना दिलासा देणारा आहे.

चिऊकाऊच्या घांसाला पडद्याहून वेळ अधिक लागतो, हें आम्हांला मान्य आहे. वीस मिनिटें लागतील, अर्धी वाटी सांडेल. सांडूं द्यावी. पाटाखालीं जुनें वर्तमानपत्र पसरावें, एक चमचा बाळाच्या हातीं द्यावा, आणि आजीनें दुसऱ्या चमच्यानें भरवावें. बाळानें तोंड फिरविलें म्हणजे जेवण झालें असें समजावें. उरलेल्या चार घांसांसाठीं जो कावळा बोलावतात तो बिचारा उपाशीच परत जाऊं द्यावा.

खाण्याच्या गोष्टी निघाल्या आहेत तर बोरन्हाणाविषयीं सांगितलेंच पाहिजे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मुलुंडच्या इमारतींतून रोज एखादें तरी बोरन्हाण असतें. काळें झबलें आणि हलव्याचे दागिने घातलेलें मूल पाटावर बसलेलें फार गोजिरें दिसतें. पण त्याच्या डोक्यावरून ज्या बोरें, हरभरे, शेंगा, हलवा, उसाचे करवे आणि आतां गोळ्या-चॉकलेटें ह्यांचा वर्षाव होतो, त्यांतली बहुतेक प्रत्येक वस्तु त्याच्या श्वासनळींत अडकण्याजोगी असते. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला दाढा पुरत्या आलेल्या नसतात. शेंगदाणा तें चावूं शकत नाहीं, ओढून मात्र घेतें. म्हणून लहान मुलाच्या बोरन्हाणांत फुलांच्या पाकळ्या आणि मोठालीं बोरें एवढींच घ्यावीं, वेंचण्याचा मान मोठ्या मुलांना द्यावा, आणि उत्सवमूर्तीला लगेच कोणी तरी कडेवर उचलावें. हलव्याचे दागिने छायाचित्र होतांच काढावे. तरीहि एखाद्या वेळीं अडकलेंच, तर वर्षाच्या आंतील बाळास हातावर पालथें, डोकें खालीं करून धरावें आणि खांद्यांच्या मध्यें तळहातानें पांच जोरकस थापट्या द्याव्या; तेवढ्यानें न निघाल्यास उताणें करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनीं पांच वेळां दाबावें, आणि हेंच आलटून पालटून करीत राहावें. दिसत नसतांना घशांत बोट घालूं नये. एकानें हें करावें आणि दुसऱ्यानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाढदिवसाच्या निमंत्रणापेक्षां ही माहिती शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीं द्यावी.

बारशाच्या त्या ढिगांतील विजेरीच्या खेळण्यांविषयींहि येथेंच सांगतों. बटणासारखी चपटी विजेरी मुलानें गिळली तर दोन तासांच्या आंत अन्ननलिका भाजून निघूं शकते. ज्याचें झांकण स्क्रूनें बसत नाहीं तें खेळणें घरांत ठेवूं नये. बाळाच्या मिटलेल्या मुठीहून लहान वस्तु त्याच्या हातीं देऊं नये, हा सर्वसाधारण नियम आजीला लक्षांत ठेवायला सोपा आहे.

खेळावयाची खरी जागा म्हणजे जमीन. बाळाला निजवावें तें नेहमीं उताणें. परंतु जागें असतांना दिवसांतून मिळून अर्धा तास तरी सतरंजीवर पालथें घालावें, म्हणजे मान आणि खांदे बळकट होतात. सोफा, पाळणा, झोपाळा, चाकांची खुर्ची अशा साधनांतून मूल दिवसभर एका बैठकींतून दुसऱ्या बैठकींत फिरत राहिलें तर जमिनीशीं त्याची ओळखच होत नाहीं. चाकांच्या गोल खुर्चींत बसवून मुलाला चालविण्याची चाल तर घातकच. तींत मूल लवकर चालत नाहीं. जिन्यावरून मात्र लवकर पडतें. कॅनडांत २००४ सालापासून अशा खुर्च्यांच्या विक्रीला बंदी आहे. आपला लांकडी पांगुळगाडा निराळा. त्यांत मूल बसत नाहीं, आपल्या पायांवर उभें राहून गाडा ढकलतें.

आणि चालण्याची घाई तरी कशाला? जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांसह पांच देशांतील सुदृढ मुलांचें निरीक्षण करून २००६ सालीं जें कोष्टक प्रसिद्ध केलें, त्यांत एकट्यानें चालूं लागण्याचा काळ सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. शंभरांत चारएक मुलें तर रांगल्यावांचूनच चालूं लागलीं. चौथ्या मजल्यावरचें नातवंड दहाव्या महिन्यांत चाललें म्हणून दुसऱ्या मजल्यावर जी काळजी पसरते, तिला ह्या कोष्टकांत आधार नाहीं. दीड वर्ष उलटूनहि मूल पाऊल टाकीत नसेल तर अवश्य दाखवावें.

जमिनीवरच्या मुलाला स्वयंपाकघरांतील एक खालचा खण देऊन टाकावा. वाट्या, झांकणें, पळी, लांकडी लाटणें, चिंध्यांचा चेंडू. तें एक वाटी दुसरींत घालील, काढील, आपटील आणि फेंकील. वस्तु पुन्हां पुन्हां खालीं टाकणें हा हट्ट किंवा खोडसाळपणा नव्हे. पियाजे ह्या स्विस शास्त्रज्ञानें आपल्याच तीन मुलांचें असें टाकणें-फेंकणें वर्षानुवर्षें टिपून ठेवलें आणि त्यावरून १९३६ सालीं बुद्धीच्या उगमावर ग्रंथ लिहिला. चमचा टाकला तर कोठें जातो, कसा वाजतो, आणि आजी तो किती वेळां उचलते, ह्या तिन्ही प्रश्नांचा शोध बाळ एकाच वेळीं घेत असतें. आजीची कंबर दुखत असेल तर चमच्याला वीतभर नाडी बांधावी. त्याहून लांब नको, गळ्याभोंवतीं गुंडाळते.

ह्या साध्या साहित्याला कमी लेखणाऱ्यांनीं ताराबाई मोडकांचें काम आठवावें. १९३६ सालीं दादरला शिशुविहार काढून त्यांनीं शहरांत मोठें नांव मिळविलें. परंतु माँटेसरीपद्धतीचें महागडें साहित्य खेड्यांना परवडणारें नाहीं हें ओळखून त्या १९४५ सालीं बोर्डीस गेल्या, पुढें कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या, आणि अनुताई वाघांना बरोबर घेऊन शिंपले, खडे, बिया, पानें, मातीचीं भांडीं ह्यांवर बालशिक्षण उभें केलें. तीं मुलें आमच्या ह्या लेखांतल्या मुलांहून मोठीं होतीं. म्हणून खडे आणि बिया त्यांच्यासाठींच ठेवाव्या, रांगत्या मुलाला वाट्या-झांकणेंच बरीं.

ज्या घरीं आजी नाहीं, किंवा असून थकली आहे, तेथें पाळणाघर पाहावें लागतें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. भिंतींवरचीं रंगीत चित्रें पाहून पाळणाघर निवडूं नये. मुलांच्या जेवणाच्या वेळीं, आगाऊ न कळवितां जावें आणि दोनच गोष्टी पाहाव्या: दूरदर्शन चालू आहे का, आणि भरविणारी बाई मुलाकडे पाहून बोलते का.

राहिली संध्याकाळ. साडेसातला घरीं आलेल्या सुनेनें हातपाय धुऊन थेट ओट्यापाशीं उभें राहावें, अशी अपेक्षा अजून पुष्कळ सुशिक्षित घरांतून आहे. बोलून दाखवीत नाहींत इतकेंच. आमच्या मतें तो तास बाळाचा आहे. पोळ्या आजोबांनींहि लाटायला शिकाव्या, किंवा बाहेरून आणाव्या. आईनें बाळाला ऊन पाण्यानें पुसावें, झबलें बदलावें, भरवावें, आणि हें करतांना मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवावा. रविवारचें न्हाऊ बापानें घालावें. पहिल्या खेपेस त्याचे हात थरथरतात आणि साबण बाळाच्या हातून त्याच्याच चष्म्याला लागतो. तिसऱ्या खेपेपर्यंत तो गाऊं लागतो.

रजा संपण्याआधीं पंधरा दिवस हा सारा दिनक्रम आजीच्या हातीं जाऊं द्यावा, आणि आईनें घरींच, पण बाजूच्या खोलींत असावें. आजी न्हाऊ कसें घालते, पाय वर करायला कोणत्या शब्दांत सांगते, तें आईनें ऐकून तेच शब्द संध्याकाळीं वापरावे. आईचीं गाणीं आजीनें उचलावीं. पहिल्या दिवशीं कामावर जातांना बाळाच्या नकळत निसटूं नये. त्याला सांगावें, हात हालवावा आणि निघावें. बाळ रडेल. आजीनें त्याला कडेवर घेऊन खिडकीशीं उभें राहावें, खालच्या रस्त्यावर आई वळणाआड जाईपर्यंत. मग न्हाणीघरांत जाऊन पाणी काढावें आणि 'काय हो, आज कोण न्हाऊ घालणार?' म्हणून विचारावें.